नुसता

यॉर्कशायरच्या किनाऱ्याखाली, बोल्बीच्या खाणीत,
डोक्यावर मीठ, मिठावर समुद्र,
मी वाट बघतो एका कणाची
जो अजून कुणाला दिसलेला नाही.
वजन असून नसल्यासारखं. विद्युतभार शून्य.
कशालाच धडकत नाही.
कागदोपत्री त्याला एक आकडा आहे;
मी त्याला नुसता म्हणतो.

"नूस्टा," नॉर्मन थ्वेटनं जिभेवर घोळवून पाहिलं.
तीस वर्षं पोटॅश खणलं त्यानं, आता आमची लिफ्ट सांभाळतो.
"करतो काय हा?"
काही नाही. आरपार जातो.
"म्हणजे माझा मेहुणा,"
आणि अर्धं सँडविच माझ्याकडे सरकवलं.

नुसता भात. नुसता बसलोय.
नुसता येऊन गेला, चहाही न घेता.
याला इंग्रजी शब्द शोधण्यात
माझी अर्धी रात्रपाळी गेली.

तीन वाजून दहा मिनिटांनी
पडद्यावर एक टिंब उठलं.
एकच.
पंपाचा धक्का असणार. वहीत मी तसंच लिहिलं,
वेळ टाकली, सही केली.

वळून पाहतो तर
नॉर्मननं हेल्मेट काढून हातात धरलेलं.
केसांत मीठ.
बराच वेळ त्यानं ते परत घातलं नाही.