मधली तीन मिनिटं

बावीस हजार.
भूषणने आकडा दोनदा वाचला.
एवढ्यात फ्रिज बदलता येईल, म्हणाला,
दार तरी नीट लागेल. शिवाय मोबाईल आहेच की माझा.
सासूबाई लसूण सोलत होत्या. मान वर न करता बोलल्या,
न्हाऊ न घातलेल्या पोराचा फोटू?
दिष्ट लावून घ्यायची हौस.
मी गप्प राहिले.
भिशीचे पैसे माझे होते.

हेमांगी मढवी, दिवाळे गावची.
आधी हळदीचे फोटो काढायची:
बेंजोवर घामाघूम नाचणारे मामे,
नवरीच्या कानामागे उमटलेली पिवळी बोटं.
मग एकदा बहिणीसोबत लेबर रूममध्ये गेली,
तेव्हापासून हेच.
रात्री अडीचला फोन केला
तर चाळीस मिनिटांत वाशीला हजर,
केस ओले, पायात मऊ तळव्यांचे बूट.
फ्लॅश नाही, आवाज नाही.
खोलीतल्या पंख्याइतकीच मला ती जाणवली.

मला आठवतो छतावरचा पिवळट डाग
आणि कुणाचं तरी 'अजून थोडं, अजून थोडं'.
बाकीचं तिच्याकडून कळलं.
की भूषण दाराच्या चौकटीला टेकून
हळूहळू खाली बसत गेला,
मोबाईल खिशातच राहिला.
की लिसी सिस्टरच्या मनगटावर
माझ्या नखांचे चार अर्धचंद्र होते
आणि ती हसत होती.
की ओरडताना मी हुबेहूब माझ्या आईसारखी दिसते.
ते पाहिलं आणि तिला फोन लावला,
काय बोलायचं ते न ठरवताच.

एकशे चौदा फोटो, कोपऱ्यात बारीक आकड्यांत वेळ.
चार अकराचा: डोकं, अर्धा कान.
पुढचा एकदम चार चौदाचा:
टाळूपर्यंत उघडलेलं, रडणारं तोंड.
मधली तीन मिनिटं कुठे गेली, मी विचारलं,
पैसे तर पूर्ण घेतलेस.
हेमांगी चहात बिस्कीट बुडवत होती. ते तुटून पडलं.
ती रडत नव्हती, म्हणाली.
निळसर होती. सगळे तिच्याकडे धावले.
तुझा हात नुसताच हवेत राहिला होता.
धरायला कॅमेरा खाली ठेवावा लागला.

मला तो हातही आठवत नाही.

फ्रिजच्या दाराला अजून दोरी बांधतो आम्ही.
अल्बम टीव्हीखाली असतो.
दुपारी लेक झोपली की
सासूबाई एकट्याच काढून बसतात.
वजनकाट्याच्या फोटोवर येऊन थांबतात:
अंगाला पांढरा लेप, मुठी आवळलेल्या,
कुणीही न पुसलेली.

काल म्हणाल्या, भूषणच्या आधी एक होती.
पाटणला, घरीच, भातकापणीच्या दिवसांत.
दीड दिवस होती. नाव काय ठेवणार.
नाक माझ्यावर होतं,
का मीच मागाहून तसं ठरवलं,
आता सांगता येत न्हाई.

खाली सेक्टरच्या गल्लीत भाजीवाला मेथी ओरडत होता.
त्यांनी अल्बम मिटला. हात त्यावर तसाच.
आणि कढीपत्ता आहे का विचारावं
तितक्या सहज विचारलं,
ती तुझी फोटूवाली पोर,
आधीचं काही काढते का गं?