कर्मणी प्रयोग

टोम्स्कमधल्या त्या खोलीत हीटर धडधडत होता, तरी
डॉक्टर ग्लेब अर्काद्येविच बोटं चोळत होते.
समोर झ्लाता आणि रोदिओन, दोघंही जन्मापासून बहिरे.
मध्ये मी. माझं काम एवढंच :
इकडचं बोलणं हातांनी तिकडे पोचवायचं,
वाटेत उघडून पाहायचं नाही.

"भ्रूणातली एक चूक दुरुस्त केली जाईल," ते म्हणाले.
"एकच अक्षर. तीन अब्जांतलं."

इथे माझे हात अडले.
तोंडाला चालतो कर्मणी प्रयोग :
तपासलं जाईल, बदललं जाईल, काळजी घेतली जाईल.
कर्त्याला तृतीयेतसुद्धा बोलवावं लागत नाही.
हातांचं तसं नाही. खूण कुठून तरी निघते
आणि कुणाच्या तरी अंगावर जाते.
"करणार कोण?" मी विचारलं.
ते जरा थांबले. "विज्ञान."
विज्ञानाची खूण आहे आमच्याकडे,
पण ती सुई धरत नाही.

मग ते भराभर बोलले, मी मागे धावले :
लस आली तेव्हाही लोक दारं लावून बसले होते;
आपण थांबलो तर दुसरं कुणी करील, आणि घाईनं करील;
समितीचं पत्र आज ना उद्या येईलच, झ्लाताचं वय थांबणार नाही;
आणि दुःख टाळता येत असताना न टाळणं,
त्याला काय म्हणायचं?

झ्लातानं विचारलं, कुठली चूक?
बाहेर बाकावर आमची अग्निया चित्र काढतेय,
तिच्यात आहे तीच?

"शब्द बदला," डॉक्टर मला हळूच म्हणाले,
जणू हळू बोलण्याची गरज होती. "फरक म्हणा."
मी फरक म्हटलं.
झ्लाता अजून आधीच्या खुणेकडेच बघत होती,
जिथं माझा हात आता नव्हता.

तेव्हा त्यांनी चष्मा काढला.
"माझा भाऊ बहिरा होता. ल्योन्या. नऊ वर्षांचा.
मार्चमध्ये नदीवर गेला.
बर्फ तडकला, आम्ही काठावरून ओरडलो,
त्याला ऐकू गेलं नाही."
हे सांगायला मला कर्ता शोधावा लागला नाही.

रोदिओन बराच वेळ गप्प. मग त्यानं बूट
जमिनीवर दोनदा आपटला, तळवा खाली धरला :
बर्फ आम्हाला पायातून कळतो.
माझ्या बापानं शिकवलं. तोही बहिराच.
तुमच्या भावाला शिकवायला कुणी नव्हतं?

मी हे सगळं तोंडानं सांगितलं,
प्रश्नचिन्हासकट, आवाज न बदलता.

फॉर्म झ्लातानं घडी करून पर्समध्ये ठेवला.
सही केली नाही, फाडलाही नाही.
बाहेर उणे सव्वीस. अग्नियानं चित्र दाखवलं :
ट्राम, आणि ट्रामहून मोठे हात.
मला विचारलं, आत काय ठरवलं गेलं?
नाही. खुणेत तसं विचारताच येत नाही.
तिनं विचारलं, कुणी ठरवलं?