कोरी नळी

नोव्हेंबरात तुर्कूला
साडेतीनलाच अंधार दाराशी येऊन बसतो.
बारा बाटल्या, उत्तरेच्या एकाच नदीच्या,
गाळून झाल्या आहेत.
मोत्याचा शिंपला तिथे चाळीस वर्षांत कुणी पाहिलेला नाही.
हेल्का म्हणते, बघायला जाऊच नका, पाण्याला विचारा,
जगणारा जीव थोडा थोडा सांडतोच.

विचारायला माझ्याकडे कण आहेत,
ज्यांच्यापुढे राई खरोखरच पर्वत.
आत चिमूटभर अर्बियम,
समुद्रापलीकडच्या एका खाणगावाचं नाव लावणारं.
कणाला एक आखूड धागा, अर्धंच वाक्य,
उरलेलं अर्धं फक्त शिंपल्याला पाठ.
आणि शेजारी एक रंग बसवलाय,
कणाचा उजेड गिळत राहण्यासाठी.
खूण पटली की तो दूर होतो.

पंच्याण्णव अंशांवर जोड्या सोडवल्या,
मग सावकाश निवू दिलं.
लेझर लावला. तो कुणालाच दिसत नाही.
न दिसणारे दोन किरण घेऊन
कण एक हिरवा परत देतो,
असा व्यवहार बँकेत कुणी करणार नाही.

पहिली काळी.
चौथी काळी.
सातवीला मी श्वास धरला, उगाच.
बारावी काळी.

तेरावी कोरी. नुसतं शुद्ध पाणी,
फसवणूक पकडायला ठेवलेलं.
ती हिरवी पेटली.

ऊर्पो खुर्चीतून उठला नाही.
सोमवारी याच टेबलावर त्यानं
आजोबांची सिगारची पेटी उघडली होती,
मला दाखवायला.
आत एक शिंपला, बिजागरीशी वाळकी चामडी.
"शेकडो फोडले त्यांनी," तो म्हणाला होता,
"हा का ठेवला कोण जाणे.
यात तर मोतीही नव्हता."

नियम सरळ आहे:
कोरी पेटली की बाराही बाद.
वहीत मी 'दूषित' लिहिलं,
आणि त्या शब्दाकडे बघत बसले.
कण खोटं बोलला नव्हता.
त्याला विचारलं, इथे कोण आहे,
त्यानं सांगितलं.

गुरुवारी पुन्हा नदीवर जायचं,
कडेचा बर्फ फोडून, नव्या बाटल्या घेऊन.
टेबल क्लोरीननं तीनदा पुसलं.
पेटी ऊर्पोनं दोन पिशव्यांत बांधली,
गाठ नीट बसेना त्याच्याकडून.

लेझरच्या बटणाकडे माझा हात गेला
तेव्हा तो म्हणाला,
थांब जरा.