साठ सेंटीमीटर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात
जानोरीच्या पॉलिहाउसला दिवस पुरत नाही.
पहाटे चारला, दिव्याखाली, आम्ही अकरा बायका
कळ्या तोडतो. फुलं नव्हे, कळ्या;
एकेकीच्या डोक्यावर जाळीची पांढरी टोपी,
उमलू नये म्हणून.

साठ सेंटीमीटरचा दांडा दिल्लीला.
पन्नासचा नाशकात, कॉलेज रोडला.
चाळीसच्याचं काय होतं मला माहीत नाही,
घेत असेल कुणी, ज्याच्या खिशात तेवढंच आहे.
वीस-वीसच्या जुड्या, कागद, रबर,
मग दोन अंशांच्या खोलीत.
तिथे त्या शहाण्यासारख्या झोपतात.

चेतना माझ्या शेजारी बांधते. एकोणीस वर्षांची.
पिकअपवाल्या पोराने तिला परवा
आमच्याच मालातली एक जुडी आणून दिली.
रबराचे चार वेढे मी ओळखले, माझेच होते.
तेव्हापासून तिला जेवण जात नाही.
"काकू, खरं असेल का हो? कसं कळतं?"

मी काय सांगणार.
लग्नाआधी माझाही एक होता,
सीबीएसवर उभा राहायचा, पांढऱ्या शर्टात.
आता तोंड आठवत नाही,
बाहीची इस्त्री आठवते.
डोळ्यात भरला होता.

डोळा भरतात ते निराळं.
सासऱ्यांनी शिकवलं: रानगुलाबाच्या खोडाला चीर द्यायची,
दुसऱ्या झाडाचा डोळा त्यात बसवायचा,
पट्टी आवळायची आणि विसरून जायचं.
रोज सोडून बघितला तर वाळतो.
वीस-बावीस दिवस काही दिसत नाही.
हिरवा राहिला तर धरला.
दहातले तीन धरतच नाहीत.
का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

हिरामणने मला कधी गुलाब दिला नाही.
कशाला देईल, रोज दोन हजार माझ्या हातून जातात.
रात्री तो माझा पंजा बल्बखाली धरतो,
पिन काडीवर तापवतो,
आणि चष्मा लावून काटे काढतो.
बोलत नाही. बोललाच तर
उद्या लाइट किती वाजता येणार एवढंच.
कधी खोल टोचतो, मी शिवी हासडते.
"हलू नको," म्हणतो.
हे प्रेम की सवय, मी विचारलेलं नाही.
त्यानेही नाही.

टोपी निसटून ज्या उमलतात त्या बाद.
गणेशवाडीला जातात, किलोवर.
ओंजळभर मी घरी आणते.
हिरामण त्यातलं एक शेळीच्या शिंगाला अडकवतो,
ती मान वळवून खाते,
तो एकटाच हसत बसतो.

चेतनाला म्हटलं, टोप्या काढ. पाण्यात ठेव. बघ.
"मग गळतील ना?"
गळतील की.

गेटवर पिकअपचा हॉर्न वाजला.
तिने मान वर केली नाही,
पण हातातला रबर तटकन तुटला,
आणि वीस कळ्या टेबलावर पसरल्या.