आधी हात दाखव

आधी हात दाखव, मी म्हणते. पैशांचं नंतर.
झोलिंगेनच्या या उतारावरच्या दुकानात
लोक येतात आणि नुसती 'कात्री' मागतात,
जशी काही जगात एकच असते.
कापायचं काय? नखं, लोकर, कोंबडीचं हाड?
कापडाची कात्री एकदा कागदाला लावलीत
की ती रेशमाला दात दाखवते.

येलिझने हात पुढे केला. डावा.
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, जुना, पिवळट.
पिशवीत आईची कात्री, दहा इंची, जड,
उजव्या हाताची.
वरचं पातं खडूची रेघ झाकायचं
आणि ही आठ वर्षं
अंदाजानं पडदे बेतत आलेली.

खालच्या खणातून मी दुसरी काढली,
पाती उलट बसवलेली, आठ इंची.
खिळा जरा सैल केला. तेलाचा थेंब.
कानाशी धरून मिटली :
कुरकुर नाही, एकच लांब श्वास.
घे.

रेघ दिसली तिला. अख्खी.
आणि कापड पात्यांत दुमडलं,
कापलंच नाही.

अंगठा अजून ओढतच होता आत,
त्या जुन्या पात्यांना जवळ आणायला.
चूकसुद्धा हात किती मन लावून शिकतो!

ती ओशाळली.
मी चिंध्यांची टोपली पुढे सरकवली,
दिवा लावला. बाहेर कातरवेळ झाली होती.
अठराव्या की एकोणिसाव्या चिंधीला
आवाज बदलला.

जाताना म्हणाली, आईचीलाही धार लावून ठेवा.
कोण वापरणार, मी विचारलं नाही.
पावतीवर नाव लिहिलं : येलिझची आई.