समासातलं

शाई आत न्यायची नाही, हा पहिला नियम.
इरण्णा बिराजदार माझी पिशवी खुंटीला लावतात,
पेन ठेवून घेतात, पेन्सिल देतात, टोक तपासून.
एका वेळी दोनच पानं.
तिसरं मागितलं तर चष्म्यावरून बघतात,
जणू पंगत उठल्यावर मी जिलबी मागितली.

शिष्यवृत्तीचं पत्र आलं तेव्हा आईने
मांडीवरचं सूप न हलवताच विचारलं,
दांट्ल एमुन्नदि? काय आहे त्यात?
म्हटलं, दोन वर्षं जुन्या पोथ्या वाचायच्या,
त्याचे पैसे.
वाचायचे पैसे, ती म्हणाली,
आणि दोरा आवळून पुढची विडी बंद केली.
शेजारी सांगताना मात्र रक्कम थोडी वाढवली.

सात महिने झाले. पहिला हप्ता
कुठल्याशा टेबलावर सहीची वाट बघतोय.
मी सत्तर फूट रोडवर बस धरते,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
एप्रिल असा, की बसची दांडी हात लावू देत नाही.

बस्ता क्रमांक दोनशे सतरा.
कुण्या लुगड्याच्या फाळक्यात बांधलेला,
गाठ सोडली की वेखंडाचा वास.
घोड्यांचे रोग व त्यांवर उपाय. शके पंधराशे एकसष्ट.
पानं एकोणनव्वद, पैकी सहा गहाळ,
कसरीने खाल्लेली वेगळी.
घोडा पाणी तोंडात धरतो, गिळत नाही, तर काय.
टापेला फट गेली तर तिळाचं तेल, मेण, हिराकस.
मी घोडा जवळून पाहिला तो एकदाच,
साखरपेठेतल्या वरातीत, बँडला बुजलेला.
लिहिणाऱ्याने पाहिले असावेत पुष्कळ,
किंवा एकही नाही, नुसती नक्कल.
पानाला अकरा ओळी. अकराच. कुठे झुकत नाहीत.

पान बेचाळीस.
चार ओळी, आणि खाली कोरं.
समासात, बारीक मोडीत, घाईघाईने:
पोरीस ज्वर. दिवा तिजपासी नेला.

त्रेचाळीसवर पुन्हा अकरा ओळी.
शाई जरा फिकी.

खरटमल सर म्हणाले, हे संहितेत नाही.
समासातलं आपण मोजत नसतो. तळटीप द्या, हवी तर.
तिमाही अहवालात रकाने आहेत:
वाचलेली पानं, पाठभेद, अडचणी.
पोर उठली का,
याला रकाना नाही.

मग मी घोडे सोडले आणि समासच वाचत गेले.
एका ठिकाणी तेलाचा ठिपका. एका ठिकाणी, मेण सरले.
एकदा हिशेब: कागद दोन दस्ते, त्यातला एक उधार.
पोरीचं काही नाही.
गहाळ सहांत असेल. किंवा
बरी झालेल्या पोरीबद्दल कोण लिहून ठेवतं.
बिराजदार केव्हा मागे येऊन उभे राहिले कळलं नाही.
काय शोधताय, विचारलं नाही त्यांनी.
खिडकीची झडप वर केली
आणि न मागता तिसरं पान समोर ठेवलं.

रात्री आईला सांगितलं.
पलीकडच्या गल्लीत टॉवेलचे माग चालू होते,
तिला दोनदा सांगावं लागलं.
दिवा पोरीपाशी, मग ह्याने लिहिलं कशावर?
नाही लिहिलं त्या रात्री.
तिने कात्री थांबवली.
तेंदूचं पान अर्धं कापलेलं, पत्र्याचा फर्मा त्याच्यावर.
म्हणजे मजुरी बुडाली त्याची, ती म्हणाली.
तुला गोवर निघाला तेव्हा माझ्या तीनशे कमी पडल्या.
कारखान्यातल्या माणसाला कारण सांगितलं,
तो म्हणाला, आकडा सांग.
आणि पुन्हा कापायला लागली.

अहवाल आज दिला.
वाचलेली पानं: त्र्याऐंशी. पाठभेद: सोबत जोडले आहेत.
अडचणी, या रकान्यात
खूप वेळ पेन धरून बसले, इथे पेन चालतं,
आणि लिहिलं:
पान ४२. दिवा नव्हता.