क्षमताबांधणी, दिवस दुसरा

अंबाजोगाईच्या त्या हॉलमध्ये
खुर्च्या गोल मांडल्या होत्या,
म्हणजे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही.
तरी देणगीदार कंपनीच्या माणसाची खुर्ची
बरोबर पंख्याखाली आली.
फोन आदल्या संध्याकाळीच टोपलीत गेले होते.

पुण्याच्या मॅडम, वय तिशीच्या आत,
म्हणाल्या, पिवळ्या चिठ्ठ्या घ्या,
तुमच्याशिवाय कुणालाच जमत नाहीत
ती कामं लिहा.
एका चिठ्ठीवर एकच.

मी सतरा लिहिल्या, मग गठ्ठाच संपला.
चेकवरची सही.
कलेक्टर ऑफिसातल्या खेपा.
सासरची माणसं काठ्या घेऊन आली
तर दारात उभं राहणं.
ठाण्याच्या जमादाराशी बोलणं
(दुसऱ्या कुणाला तो बसासुद्धा म्हणत नाही).
कपाटाची किल्ली.

शेजारी हिंगोलीचे व्यंकट वाकळे,
तेवीस वर्षं मूकबधिर मुलांची शाळा चालवतात,
त्यांची चिठ्ठी कोरी.
म्हटलं, सर, तुम्ही सुटलात की!
म्हणाले, कशाचा सुटतोय,
चष्मा रूमवर राहिलाय.

मग मॅडमनी विचारलं, अगदी सहज,
उद्या तुम्ही नसलात तर?

कुणीतरी खोकलं.
आम्ही सगळे एकेका संस्थेचे मायबाप,
आणि आमच्या नसण्याचा आराखडा
हिरव्या मार्करनं काढायचा होता,
तोही चहाच्या आधी.

मी चहा सोडला.
टोपलीतून फोन उचलला, चोरून,
आणि मागं जनरेटरपाशी गेले, तिथं रेंज येते.
रेहानाचे नऊ मिस्ड कॉल,
सगळे रात्री एक ते दोनच्या मधले.

"ताई, बोरीहून एकजण आलती,
दोन लेकरं, त्यातलं एक कडेवर.
चादरी कपाटात, नोंदवही कपाटात,
आन् किल्ली तुमच्याजवळ.
कुलूप तोडलं, ताई. वरवंट्यानं.
रागावू नका."
ठाण्यात कोण गेलं मग?
"मीच की. जमादार बसा म्हणला."
बसा म्हणाला?
"हाव. च्या बी सांगितला."

आनंद झाला, असं अहवालात लिहिता येईल.
खरं तर आधी दुखलं,
आपलं लेकरू दुसरीच्या हातून
मुकाट जेवताना दिसावं, तसं.
अठरा वर्षांत त्या ठाण्यात
सात जमादार बदलून गेले,
आणि मी अजून पहिल्याशीच भांडत होते.

आत आले तेव्हा माझ्या दोन-तीन चिठ्ठ्या
पंख्यानं खाली पाडल्या होत्या.
एक वाकळे सरांच्या बुटाला चिकटून फिरत होती,
कुठली ते मी पाहिलं नाही.
जमादाराची मात्र भिंतीवरच होती,
ती मी हातानं काढली.
मॅडम म्हणाल्या, छान, शेअर कराल का ग्रुपशी?
म्हटलं, नको.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं,
लॅमिनेट केलेलं, आडनावात एक काना जास्त.
बसमध्ये रेहानाचा फोन:
"नवं कुलूप आणलंय, एकशे चाळीसचं,
व्हाउचर केलंय.
तीन किल्ल्या आल्यात त्याच्यासंगं.
एक माझ्याकडं, एक रातपाळीच्या द्रौपदामावशीकडं,
तिसरी तुमची."
मी जरा वेळ बोलले नाही.
तिला वाटलं, रेंज गेली.
"हॅलो, ताई? हॅलो?"
तिसरी ऑफिसात खिळ्याला अडकव, म्हटलं,
सगळ्यांना दिसेल अशी.
"आन् तुम्हाला लागली तर?"
मागून घेईन.

परभणीच्या स्टँडवर जिंतूरच्या गाडीला
पाऊण तास होता.
सवयीनं जुडगा काढून मोजला, सात.
त्यातली एक आता कशालाच लागत नाही.
काढायला गेले
तर कडी इतकी घट्ट
की नख मोडलं.